दान द्यायचा टेडी विणताय? मग एवढं वाचून घ्या
(आमच्या लोकरीच्या दुकानाकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नाशिक)

नाशिकला थंडी पडायला लागली की आमच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो: "संस्थेतल्या मुलांसाठी टेडी करायचेत, कुठली लोकर घेऊ?" विचारणाऱ्या कुणी कॉलेज रोडच्या आजी असतात, कुणी सिडकोतल्या ताई. भिशीच्या ग्रुपनं मिळून पन्नास टेडींचा संकल्प केलेल्या काकूही येतात. प्रत्येकीला उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही आणि घाईत नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून हे लिहून ठेवलं.

स्वतःच्या नातवाला टेडी दिला आणि त्याचा कान निघाला, तर तो संध्याकाळी तुमच्याच हातात येतो आणि तुम्ही शिवून देता. हरसूल किंवा सुरगाण्याकडच्या मुलाला दिलेला टेडी परत तुमच्याकडे येणार नाही. निघालेला डोळा कुणाच्या तोंडात गेला, हेही तुम्हाला कळणार नाही. म्हणून दान द्यायचा टेडी दिसायला थोडा साधा असला तरी चालेल, पण शिलाई पक्की हवी.

लोकर आणि भरण

अक्रिलिक घ्या. खरी लोकर आम्हीही विकतो आणि तिच्यात नफा जास्त आहे, तरी या कामासाठी देत नाही. गरम पाण्यात ती आटते, तिला कसर लागते आणि काही मुलांच्या अंगाला ती टोचते. अक्रिलिक बादलीत बुचकळून धुता येतं आणि लवकर वाळतं. इस्त्री मात्र लावू नका, लोकर चपटी होऊन मरते.

गडद लाल, निळा किंवा काळा रंग असेल तर विणायच्या आधी हातभर धागा पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा, रंग जातो का ते कळेल. आमच्या शोकेसमधल्या नमुन्याच्या टेडीचं पांढरं पोट पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं. तो अजून शोकेसमध्येच आहे. हा मुद्दा सांगताना आम्ही त्याच्याकडे बोट दाखवतो.

आत पॉलिएस्टरचं फायबर भरा. घरच्या जुन्या गादीतला कापूस आणून "हाच भरू का?" असं पुष्कळ जणी विचारतात. भरू नका. धुतल्यावर त्याचे गठ्ठे होतात आणि श्रावणात असा टेडी आठवडाभर ओला राहून कुबट वास मारतो. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात काय होईल, तुम्हीच बघा. डाळ, तांदूळ, थर्मोकोलचे मणी यांतलं काहीच आत नको.

विणलेला माल कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जन्मतः जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या मुलांना तर हा धोका फार मोठा असतो. शिवाय अक्रिलिकला कसर लागतच नाही, मग गोळ्या हव्यात कशाला?

विणताना

टेडी क्रोशानं विणताना मुका खांब (आखूड, घट्ट टाका) घाला, लांब खांब (उंच, सैल टाका) नको. लांब खांबांच्या फटींतून आतलं फायबर बाहेर डोकावतं. गुंड्याच्या पट्टीवर ४ मिमी सुई लिहिलेली असली तरी तुम्ही २.५ किंवा ३ मिमीची घ्या, म्हणजे वीण घट्ट बसेल. घट्ट विणीनं मनगट भरून येतं, तेव्हा अर्ध्या तासानं सुई खाली ठेवा. पन्नास टेडींचा संकल्प एका आठवड्यात पुरा करायचा नसतो.

मॅजिक रिंगमध्ये (धाग्याचं ओढून घट्ट होणारं सुरुवातीचं वेटोळं) ६ मुके खांब, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०, ३६. दर फेरीला सहाच का वाढवायचे, हे कुणी सांगत नाही, नुसतं पाठ करायला लावतात. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. फेरी एका टाक्यानं बाहेर सरकली की वर्तुळाचा घेर सहा टाक्यांच्या थोडा वरच वाढतो, म्हणून सहा. कमी वाढवलेत तर वाटी होते, जास्त वाढवलेत तर झालर. लांब खांब उंच असल्यामुळे त्याला फेरीमागे बारा लागतात. एवढं लक्षात आलं की पॅटर्न हरवला तरी अडत नाही. डोक्यासाठी ३६ वर थांबा, सात-आठ फेऱ्या सरळ विणा, मग सहा-सहानं कमी करत या. याच अंदाजानं धड आणि हातपाय केले की साधारण वीतभर टेडी होतो. १०० ग्रॅमच्या एका गुंड्यात तो आरामात बसतो.

इंटरनेटवरून पॅटर्न घेत असाल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते आधी पाहा. अमेरिकन लोक ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्याला ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात, आणि तो टाका म्हणजे आपला मुका खांब. हे न पाहता विणलेलं लांबुडकं, जाळीदार अस्वल आमच्याकडे दर वर्षी एखादं तरी येतं.

फेरीची खूण म्हणून टाचणी किंवा सेफ्टी पिन लावू नका, वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा ओवा. एका टेडीच्या कानात टाचणी राहिलेली आम्हाला सापडली. विणणाऱ्या बाई चांगल्या मुरलेल्या, हात अगदी सफाईचा, तरी राहिली. तेव्हापासून दुकानात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ठेवलंय आणि तपासायला आलेल्या प्रत्येक टेडीवरून ते फिरवतो.

डोळे, कान, ओढाताण

बाजारातल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामागच्या आयएस ९८७३ या मानकात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपी चाचणी आहे. ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. म्हणजे झाला सव्वा इंच. आतून सव्वा इंच भरणारा पाइपचा तुकडा आम्ही काउंटरवर ठेवला आहे. तुमचं बटण, मणी, घुंगरू त्यात टाकून बघा, सगळं आत जातं.

म्हणून डोळे भरतकामानं करा. मागून वॉशर लावायचे प्लास्टिकचे डोळे पॅकेटवर 'सेफ्टी' म्हणवतात, पण विणकाम ताणलं की टाका पसरतो आणि वॉशरसकट डोळा बाहेर येतो. आम्ही ते विकतो, मोठ्या मुलांच्या खेळण्यांसाठी. या कामासाठी मागितलेत तर नाही म्हणू. काळ्या धाग्यानं चार-पाच उभे टाके एकाच भोकातून घेतले की छान टपोरा डोळा होतो, आणि वर पांढऱ्याचा एक बारीक टाका दिला की तो बघायला लागतो.

कान, हात आणि पाय शिवायला विणतानाच वीतभर धागा सोडून ठेवा. चारी बाजूंनी टाका घ्या, गाठ मारा, मग शेपूट धडात आरपार नेऊन परत आणा आणि कापा. गळ्यात रिबन नको, लटकणारी दोरी नको. मफलर हवाच असेल तर तो मानेला टाचून टाका.

टेडी आमच्याकडे आणलात की तुमच्यासमोर त्याचे कान धरून ओढतो. काही जणी दुखावतात. एका काकूंनी तर टेडी आमच्या हातातून काढून घेतला होता. तीन वर्षांचं पोर याहून जोरात ओढतं, शिवाय दातानंही.

बाहुलीचे कपडे

ठकी आणि चिंध्यांच्या बाहुलीपासून आपल्याकडे ही हौस जुनीच. भांडी बाजारातून आणलेली पितळी भातुकली आणि आजीनं शिवलेलं बाहुलीचं परकर-पोलकं ज्यांनी खेळात वापरलं, त्याच आज दुकानात येऊन तासभर रंग निवडतात.

नुसते कपडे देऊ नका, बाहुलीसकट द्या. संस्थेत कुठल्या मापाची बाहुली आहे, आहे की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. बाजारातली सडपातळ बाहुली २९ सेंटीमीटरच्या आसपास असते, बाळबाहुल्यांचं माप मात्र प्रत्येकीचं वेगळं. फ्रॉक मागून पूर्ण उघडा ठेवा, कारण बाहुलीचं डोकं मानेपेक्षा बरंच मोठं असतं आणि बंद गळ्यातून जात नाही. बाही सैल हवी, नाहीतर बाहुलीची बोटं टाक्यांत अडकतात आणि मूल वैतागून कपडे फेकून देतं. बंद करायला विणलेली लूप आणि विणलेलाच गोळा वापरा. वेल्क्रो लोकरीला पकडून तिची वाट लावतं.

सगळ्यांत जास्त आवडते ती कुंची. बाळबाहुलीला टोपडं आणि कुंची घातली की मुलं तिला थोपटायलाच लागतात. नऊवारी क्रोशानं विणू नका, जड होते. ब्लाउजपीसच्या कापडाची शिवा आणि काठाला क्रोशाची लेस लावा. येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे पैठणीच्या काठांचे तुकडे पुष्कळ जणी आणतात. त्यांतली जरीची तार उसवते आणि टोचते. राहू द्या.

रंगाबद्दल एक. व्यापारी ज्याला 'स्किन कलर' म्हणतात तो फिकट गुलाबी धागा आमच्याकडच्या किती मुलांच्या कातडीचा असतो? गव्हाळ, सावळा, चॉकलेटी अशा तिन्ही छटा आम्ही मुद्दाम ठेवतो. त्या घ्या.

देताना

आधी संस्थेला फोन करून मुलांची संख्या आणि वयं विचारा. तीस मुलं आणि अकरा टेडी असं झालं की आनंदाच्या जागी मारामाऱ्या होतात. संख्या भरेपर्यंत टेडी आमच्या फडताळात ठेवायला हरकत नाही. आकार सगळ्यांचा सारखा ठेवा, पण प्रत्येकाच्या कानाचा किंवा तळपायाचा रंग वेगळा करा. वसतिगृहात आपलं ते ओळखता यायला हवं.

मुलांचे फोटो मागू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नं मनाई आहे, आणि व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो कुठवर जाईल याचा नेम नाही. फोटो टेडींचे काढा, हवे तेवढे.

"टेडीपेक्षा स्वेटर द्यावा ना" असं कुणीतरी म्हणतंच. द्या की! सुरगाणा-पेठच्या थंडीत स्वेटर लागतोच. पण तो पुढच्या वर्षी धाकट्याकडे जातो.

माल आणताना धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, पारदर्शक पिशवीत आणा. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी चारच्या आत आलात तर कान ओढायला निवांत वेळ मिळतो.