नागपूरचा मे महिना, कूलर अन् हातावरचं प्लास्टर

मे महिन्यात कोणाचा हात मोडला की आपल्या घरी पहिले काय करतात, तर त्याला कूलरच्या पुढ्यात झोपवतात, बिचारा आधीच ४५ डिग्रीत हैराण. पण प्लास्टर ऑफ पॅरिसचं असेल तर पहिले दोन-तीन दिवस नेमकं हेच नको, कारण कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळूनच, अन् त्या ओलसर हवेत प्लास्टर लवकर वाळत नाही.

हे प्लास्टर म्हणजे जिप्सम नावाचं खनिज, साधारण १५० डिग्रीला भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं. पट्टी पाण्यात बुडवली की ती पावडर पाणी परत घेते, पुन्हा जिप्सम होते, त्यात उष्णता निघते म्हणून बांधताना हात गरम लागतो (चटका बसत असेल तर मात्र लगेच सांगायचं). आता गंमत बघा, १०० ग्रॅम पावडरला या रिॲक्शनसाठी जेमतेम १८-१९ ग्रॅम पाणी पुरतं, पट्टी त्याहून कितीतरी जास्त पिऊन बसलेली असते, अन् ते जास्तीचं पाणी उडून जाईपर्यंत प्लास्टर वरून टणक दिसलं तरी कच्चंच असतं. त्याला २४ ते ७२ तास लागतात. तोवर हात उशीवर, पंखा चालू, वरून चादर नाही. टेबलाच्या कडेला टेकवलं किंवा पाहायला आलेल्या पाहुण्यांनी बोटानं दाबून बघितलं की खळगा पडतो, तो आतून कातडीला टोचत राहतो अन् तिथे जखम होते, बाहेरून काही दिसत पण नाही. फायबरग्लासच्या प्लास्टरला हा ताप नाही, तासाभरात कडक होतं, फक्त खिशाला जड.

हात छातीच्या वर ठेवा असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, प्लास्टर काही फुगत नाही, मग सगळा दाब आतल्या स्नायूंवर अन् रक्तवाहिन्यांवर. म्हणून बोटं हलवत राहायची, नख दाबून सोडलं की दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं, बोट सरळ करताना जीव जातो, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकलची (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची) कॅज्युअल्टी गाठा. "घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं या बाबतीत ऐकायचं नाही.

खाज तर सुटणारच बापा, आपल्याकडच्या घामात जास्तच. विणायची सुई, झाडूची काडी, स्केल काही आत घालू नका, पावडर-तेल पण नको, हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. आंघोळीला पॉलिथीन नीट टेप लावून, आणि फायबरग्लासवाल्यांनी पण, कारण वरचं कवच भिजून बिघडत नसलं तरी आतला कापूस ओला राहून कातडी कुजते.

दोन-तीन आठवड्यात दुखणं कमी झालं की काही लोक प्लास्टर काढून मालिश करायला निघतात. तेव्हा हाडाच्या फटीत फक्त मऊ, कुर्चेसारखा जोड तयार झालेला असतो, तो कॅल्शियम भरून कडक व्हायला मोठ्या माणसाला मनगटासाठी सुद्धा साधारण सहा आठवडे लागतात, पायाच्या नळीला त्याहून बरेच जास्त, म्हणून एक्स-रे बघितल्याशिवाय काढायचं नाही. काढल्यावर हात बारीक, खवल्याखवल्यांचा दिसतो, ती मेलेली कातडी आहे, घासत बसू नका, कोमट पाण्यात भिजवली की दोन-चार दिवसात आपोआप निघते.