मेदऊतीतील संप्रेरके आणि गुडघ्याच्या संधिवातातील हाडे

चरबीच्या पेशी जी संप्रेरके आणि संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात, त्यांना एकत्रितपणे ‘ॲडिपोकाइन’ म्हणतात. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन आणि रेझिस्टिन ही त्यांतील विशेष अभ्यासली गेलेली नावे आहेत. भूक, साखरेचा विनियोग आणि दाह यांवर त्यांचा परिणाम होतो हे प्रथम लक्षात आले. हाडे आणि सांधे यांच्याशी असलेला त्यांचा संबंध त्यानंतर उलगडू लागला. प्रस्तुत नोंद गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताविषयी, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयी आहे. आमवात हा वेगळा रोग असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

‘गुडघ्यातले वंगण संपले’ किंवा ‘गुडघे झिजले’ असे आपण सहज म्हणतो आणि त्या बोलण्यात गुडघा हे बिजागरीसारखे यंत्र ठरते. वजन वाढले, बिजागरी झिजली, असा तो सरळ हिशेब असतो. हा हिशेब खोटा नाही. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे लठ्ठ रुग्णांच्या चालीच्या मोजमापांतून २००५ मध्ये दाखवले गेले. तरीही हा हिशेब अपुरा आहे. हाताच्या बोटांवर शरीराचे वजन पडत नाही, पण लठ्ठ व्यक्तींमध्ये बोटांच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिसही अधिक आढळतो. म्हणजेच चरबी केवळ भार टाकत नाही, तर रक्तावाटे काही संदेशही पोहोचवते, या विचाराला येथून बळ मिळाले.

लेप्टिनचे जनुक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधले. सडपातळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या संप्रेरकाचे नाव पडले. शरीरात चरबी जितकी जास्त, तितके रक्तातील लेप्टिन जास्त असते आणि सारख्याच बांध्याच्या स्त्री-पुरुषांत ते स्त्रियांमध्ये अधिक असते. ॲडिपोनेक्टिनचे वागणे याच्या उलट आहे. ते चरबीच्या पेशींतच तयार होत असले तरी लठ्ठपणात त्याची रक्तातील पातळी उतरते. रेझिस्टिनची ओळख २००१ मध्ये झाली. उंदरांत ते चरबीच्या पेशींतून येते, तर माणसांत मुख्यतः दाहाशी संबंधित पांढऱ्या पेशींतून. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावणे येथे विशेष धोक्याचे ठरते.

सांध्यात ही संप्रेरके केवळ रक्तातूनच येतात असे नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची एक गादी असते. आल्बर्ट होफा या जर्मन शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या विकारांचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ही गादी, सांध्याचे अस्तर, कूर्चेच्या (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आवरणाच्या) पेशी आणि हाडाला फुटलेले काटे या सर्वांत लेप्टिन तयार होते. फ्रान्समधील नान्सी येथील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की रुग्णांच्या सांधेद्रवातील लेप्टिन त्यांच्या शरीरभार निर्देशांकाबरोबर (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, बीएमआय) वाढते आणि जेथे कूर्चा अधिक खराब झालेली असते, तेथे ते अधिक आढळते.

कूर्चेइतकेच, किंबहुना काही बाबतींत तिच्याहून अधिक, महत्त्व कूर्चेखालच्या हाडाला आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या चर्चेत या हाडाकडे फार काळ दुर्लक्ष झाले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. हाड ही सतत मोडून पुन्हा बांधली जाणारी ऊती आहे: अस्थिभक्षक पेशी ते पोखरतात आणि अस्थिजनक पेशी ते भरून काढतात. संधिवातात कूर्चेखाली हे चक्र वेगावते. क्ष-किरण चित्रात तेथील हाड पांढरे व दाट दिसते, कडांना काटे फुटतात, एमआरआयमध्ये मज्जेत सूजसदृश डाग दिसतात आणि या डागांचा वेदनेशी संबंध असतो. परंतु दाट दिसणारे हे हाड मजबूत असतेच असे नाही. ते घाईने बांधलेले असते आणि त्यात खनिजांचा भरणा पुरता झालेला नसतो. माँट्रियलमधील संशोधकांनी रुग्णांच्या या हाडातील अस्थिजनक पेशी वाढवून तपासल्या, तेव्हा त्या स्वतःच नेहमीपेक्षा अधिक लेप्टिन तयार करत असल्याचे आणि त्यांचे बिघडलेले वर्तन काही अंशी त्या लेप्टिनमुळेच असल्याचे दिसले.

लेप्टिन हाडाला उपकारक की अपायकारक, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. २००० मध्ये जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने उंदरांत दाखवले, की मेंदूतील अधश्चेतकामार्फत लेप्टिन हाडाची बांधणी रोखते. अनुकंपी मज्जातंतू हा आदेश अस्थिजनक पेशींपर्यंत पोहोचवतात, हे पुढे २००२ मध्ये स्पष्ट झाले. याउलट, या पेशींना लेप्टिन थेट मिळाले तर ते त्यांना चालना देते. माणसांतील पाहण्यांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, जास्त लेप्टिन व जास्त अस्थिघनता या गोष्टी बहुधा एकत्र आढळतात, पण त्यात वाढलेल्या वजनाचा आणि चरबीत तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनचाही हात असतो. ॲडिपोनेक्टिनबाबत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. रक्तवाहिन्यांसाठी ते हितकारक मानले जाते, मात्र रक्तात ते जितके जास्त तितकी अस्थिघनता कमी, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे आणि कूर्चेच्या पेशींवरील प्रयोगांत त्याने कधी दाह वाढवला, तर कधी शमवला. म्हणून एखाद्या संप्रेरकाला ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असे लेबल लावणे या विषयात फसवे आहे.

या संदर्भात उंदरांवरील दोन प्रयोग मूलभूत मोलाचे आहेत. फार्शिद गिलाक यांच्या गटाने २००९ मध्ये जन्मतःच लेप्टिन किंवा त्याचा ग्राहक (त्याचा संदेश स्वीकारणारे पेशीवरील प्रथिन) नसलेले उंदीर तपासले. ते अतोनात लठ्ठ होते, पण त्यांच्या गुडघ्यांत संधिवात वाढलेला आढळला नाही. कूर्चेखालच्या हाडाचा थर मात्र पातळ झालेला होता. वजन होते, संदेश नव्हता, आणि कूर्चा टिकली. २०२१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने शरीरात चरबीच नसलेले उंदीर वापरले. गुडघ्याला इजा करूनही त्यांची कूर्चा बचावली. पण निरोगी उंदरातील थोडी चरबी त्यांच्या अंगात रोपण केल्यावर ते संरक्षण नाहीसे झाले. ती चरबी गुडघ्यापासून दूर होती, त्यामुळे परिणाम रक्तातून गेलेल्या संदेशांचाच असला पाहिजे.

वजनकाट्यावरचा आकडा चरबीचे खरे प्रमाण सांगत नाही, ही गोष्ट भारतीयांच्या, आणि त्यातही महाराष्ट्राच्या संदर्भात अधिक जपून लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांच्या दीर्घ अभ्यासातून ‘कृश पण मेदयुक्त’ भारतीयाची संकल्पना पुढे आणली: इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत येथील बाळांचे वजन बरेच कमी असते, पण चरबी त्या मानाने राखलेली असते. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता, परंतु चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या रुग्णाच्या गुडघेदुखीशी चरबीचा काही संबंध नाही, असे त्यामुळे केवळ पाहून ठरवता येत नाही. संधिवात हा शहरी सुखवस्तूंचाच रोग नाही, हेही १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी केलेल्या पाहणीने दाखवून दिले आहे.

गुडघ्याचा संधिवात असलेल्यांची अस्थिघनता सरासरीपेक्षा जास्त भरते, म्हणून त्यांना अस्थिभंगाची भीती कमी, असा समज रूढ होता. नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात मात्र घनता जास्त असूनही अशा वृद्धांत मणक्यांचे व इतर अस्थिभंग अधिक आढळले. दुखऱ्या गुडघ्याने तोल जाणे आणि मांडीचे स्नायू दुबळे होणे ही त्याची संभाव्य कारणे आहेत. शिवाय कण्याला काटे फुटलेले असतील, तर तेथील घनतेचा आकडा फुगून येतो. अशा वेळी खुब्याचे मोजमाप अधिक विश्वासार्ह असते.

संप्रेरकांच्या रक्ततपासणीवरून गुडघ्याचे निदान किंवा भाकीत करण्याची पद्धत नित्याच्या वैद्यकात रूढ नाही. वजन कमी करणे हाच चरबीचे संदेश बदलण्याचा व्यवहार्य मार्ग आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात सुमारे ५ किलो वजन घटवलेल्या स्त्रियांमध्ये लक्षणांसह होणाऱ्या गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झाला. ४५४ जणांच्या, १८ महिने चाललेल्या चाचणीत (२०१३) आहारनियंत्रणाने गुडघ्यावरचा भार आणि रक्तातील दाहाचा निर्देशक दोन्ही घटले, तर आहार व व्यायाम एकत्र केलेल्यांना वेदनेत सर्वाधिक आराम मिळाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाच्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले आणि गुडघेदुखीही स्पष्टपणे कमी झाली. मात्र वजन उतरताना लेप्टिन घटते, हाडांवरचा ताण कमी होतो आणि खुब्याची अस्थिघनताही काहीशी खालावते. म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीला वजन कमी करण्याचा सल्ला देताना पुरेशी प्रथिने, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची तजवीज, मांड्यांना बळ देणारे व्यायाम आणि खुब्याच्या अस्थिघनतेची तपासणी यांचा विचार त्याच भेटीत व्हावा लागतो.