बॅटरी तेवढीच, मग रेंज वेगळी का?

ह्युंदाईच्या आयोनिक ५ आणि आयोनिक ६ या दोन इलेक्ट्रिक गाड्या एकाच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. २०२३ च्या मॉडेलमध्ये दोन्हींना ७७.४ किलोवॉट-तासांची (एक किलोवॉट-तास म्हणजे विजेच्या बिलातलं एक युनिट) बॅटरी मिळत होती. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्त्या घेतल्या, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) चाचणीत आयोनिक ५ एका चार्जवर ४८८ किलोमीटर जाते आणि आयोनिक ६ जाते ५८१. कंपनी एक, बॅटरी एक, आणि तरी ९३ किलोमीटरचा फरक!

रेंजची, म्हणजे एका चार्जवर गाडी किती जाते याची, चर्चा बहुतेक वेळा बॅटरीच्या आकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. मला ते अपुरं वाटतं. बॅटरी फक्त सांगते की ऊर्जा किती साठवली आहे. दर किलोमीटरला ती किती खर्च होते, हे गाडीची बाकीची रचना ठरवते. आणि साठा मुळात फार मोठा नसतो. ७७ किलोवॉट-तास म्हणजे साधारण साडेआठ लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढीच ऊर्जा. इलेक्ट्रिक मोटर तिचा उत्तम वापर करते म्हणूनच एवढ्यात पाचशे किलोमीटर जाता येतं. पण साठा इतका मोजका असला की छोटी गळतीसुद्धा लगेच जाणवते.

वेगात जाताना सगळ्यात मोठा खर्च हवेचा. गाडी हवेला बाजूला सारत पुढे जाते, आणि तिला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात, तर हवेसाठी दर किलोमीटरला ४४ टक्के जास्त ऊर्जा लागते. हा विरोध आणखी दोन गोष्टींवर ठरतो : समोरून पाहिल्यावर गाडी किती जागा व्यापते, आणि तिचा आकार हवेला किती सहज वाट देतो. दुसऱ्या गोष्टीचं माप म्हणजे अवरोध गुणांक. आयोनिक ५ चा गुणांक ०.२८८ आहे, आयोनिक ६ चा ०.२१ च्या आसपास. शिवाय आयोनिक ६ सुमारे ११ सेंटिमीटर बुटकी आहे. तिचं छप्पर मागे हळूहळू उतरत जातं, त्यामुळे हवा गाडीला चिकटून वाहते आणि मागे भोवरे कमी होतात. भोवरे म्हणजे गाडीला मागे ओढणारा कमी दाबाचा पट्टा, म्हणून गाडीच्या नाकाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व तिच्या शेपटीला असतं.

ढोबळ हिशेब करून पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाला बुटक्या, निमुळत्या गाडीला हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला ६० वॉट-तास (किलोवॉट-तासाचा हजारावा भाग म्हणजे वॉट-तास) लागतात, तर उंच, चौकोनी गाडीला ९०. टायरचं घर्षण साधारण ५० ते ५५ खातं. त्यात मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलून देणारं उपकरण) आणि इतर उपकरणांचा खर्च मिळवला की एकूण आकडा १५० च्या आगेमागे येतो. अशा हिशेबात ३० वॉट-तास ही मोठी रक्कम आहे.

मला सर्वात थक्क करणारा आकडा मात्र चाकांचा वाटतो. त्याच आयोनिक ६ ला १८ इंचांऐवजी २० इंची चाकं असलेली आवृत्ती घेतली, की ईपीए रेंज ५८१ वरून ४९१ वर येते. महागड्या आवृत्तीत इतरही सोयी असतात, पण मुख्य फरक चाकांचाच. मोठ्या चाकांचे टायर रुंद असतात, रस्त्याला जास्त घासतात, आणि फिरताना चाक भोवतालची हवा घुसळतं ते वेगळंच. दिसायला ऐटदार चाकं निवडताना आपण नव्वद किलोमीटर देऊन बसतो, हे विकत घेताना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

जाहिरातीतला बॅटरीचा आकडाही नीट वाचावा लागतो. ऑडीच्या ई-ट्रॉनची बॅटरी ९५ किलोवॉट-तासांची होती, पण सुरुवातीला त्यातले ८३.६ च वापरता येत. बॅटरी काठोकाठ भरली किंवा पूर्ण रिकामी झाली की लवकर जीर्ण होते, म्हणून कंपन्या थोडा भाग राखून ठेवतात. नंतर ऑडीने त्याच ९५ पैकी ८६.५ वापरायला खुले केले. बॅटरी तीच, रेंज वाढली.

वजनाबद्दल लोक जितकी काळजी करतात तितकी सपाट, मोकळ्या रस्त्यावर गरज नसते. चढावर किंवा वेग घेताना खर्च झालेली ऊर्जा मोटर ब्रेक लावताना बरीचशी परत मिळवते. टायरचं घर्षण मात्र वजनाबरोबर वाढतं, आणि ते परत मिळत नाही. थंडीत आणखी एक खर्च येतो. इंजिनाची फुकटची उष्णता नसल्याने केबिन बॅटरीवरच गरम करावी लागते. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारी यंत्रणा, असलेली गाडी हे काम साध्या हीटरपेक्षा बऱ्याच कमी विजेत करते.

शेवटी, मोजपट्टी कोणती तेही पाहायला हवं. १८ इंची चाकांच्या याच आयोनिक ६ ला युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत ६१४ किलोमीटर मिळतात, ईपीएमध्ये ५८१. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीतले असतील तरच ती खरी ठरते, आणि तेव्हाही ‘दर किलोमीटरला किती वॉट-तास’ हा आकडा बॅटरीच्या आकड्याआधी विचारावा.