तारीख बदलत गेलेला वाढदिवस

नेदरलँड्सला नोकरीसाठी नव्याने आलेला माणूस २७ एप्रिलला घराबाहेर पडतो आणि बघत राहतो. टोप्या नारिंगी, कुत्र्यांचे पट्टे नारिंगी. टॉमपूस नावाच्या क्रीमच्या पेस्ट्रीवर एरवी गुलाबी आयसिंग असतं, तेही नारिंगी. हा ‘कोनिंग्सदाख’, म्हणजे राजा विल्लेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस. रंग आला राजघराण्याच्या ‘ऑरेंज’ या नावावरून. सणाची सुरुवात मात्र एका पाच वर्षांच्या मुलीपासून झाली.

१८८५ साली गादीवर विल्लेम तिसरे होते आणि लोकांना ते फारसे आवडत नव्हते. उत्रेख्तमधल्या एका संपादकाने सुचवलं, त्यापेक्षा लहानग्या राजकन्येचा, विल्हेल्मिनाचा वाढदिवस साजरा करू. त्या निमित्ताने तरी देश एकत्र येईल. तारीख ३१ ऑगस्ट. शाळांची सुट्टी संपत आलेली, त्यामुळे मुलांची चंगळ. १८९० मध्ये वडील वारले, दहा वर्षांची विल्हेल्मिना राणी झाली आणि राजकन्येचा दिवस राणीचा दिवस झाला.

१९४८ मध्ये तिची मुलगी युलियाना गादीवर आली. पुढच्या वर्षापासून सण तिच्या वाढदिवशी, ३० एप्रिलला होऊ लागला. ती सोस्टडैक राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि लोक फुलं घेऊन समोरून जायचे.

बेआट्रिक्स १९८० मध्ये राणी झाल्या, तेव्हा खरी पंचाईत आली. त्यांचा जन्म ३१ जानेवारीचा. डच जानेवारीत रस्त्यावर सण कोण करणार? त्यांनी आईचीच तारीख ठेवली. त्यांचं राज्यारोहणही ३० एप्रिललाच झालं. ‘घर नाही, तर राज्याभिषेकही नाही’ म्हणत तरुण ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर उतरले आणि दंगल पेटली. (आज तिथे भाड्याचं घर शोधणाऱ्याला ती घोषणा जुनी वाटणार नाही.)

बेआट्रिक्स २०१३ मध्ये पायउतार झाल्या. मुलाचा वाढदिवस २७ एप्रिल, म्हणून २०१४ पासून तारीख तीन दिवस अलीकडे आली. त्यातही २७ तारखेला रविवार आला तर सण शनिवारी होतो. २०१४ ला नेमका रविवार होता, त्यामुळे पहिलाच कोनिंग्सदाख २६ तारखेला झाला! जुनी प्रवास-पुस्तकं वाचून ३० एप्रिलला नारिंगी कपड्यांत उतरलेले पर्यटक बिचारे रिकाम्या रस्त्यांवर फिरत राहिले.

नवख्याने चुकवू नये तो ‘व्रैमार्क्त’. त्या दिवशी कुणीही, परवाना न काढता, रस्त्यावर चादर अंथरून घरातलं जुनं सामान विकू शकतं. मुलं आपली खेळणी मांडतात, घासाघीसही चोख करतात. फुटपाथवर आधीच खडूने जागा अडवून ठेवलेल्या दिसतात.

गादीची पुढची वारस राजकन्या अमालिया. जन्म ७ डिसेंबरचा. त्या थंडीत चादरी अंथरायच्या, की पुन्हा एकदा आई-वडिलांची तारीख उसनी घ्यायची?