कुत्रं चावलं? आधी नळाखाली जा, मग केसपेपर काढा

मागच्या पावसाळ्यात भाच्याला कात्रजला गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला धरलं, आणि घरात पहिला प्रश्न काय, तर हळद लावू का चुना? काहीच नाही लावायचं! साबण घ्या, वाहत्या नळाखाली जखम चांगली १५ मिनिटं धुवा (घड्याळ लावून बघा, लई वेळ वाटतो), वर बीटाडीन लावा आणि घट्ट पट्टी न बांधता तसेच निघा.

रेबीजची लस कुणाला? चावलंय त्या सगळ्यांना, वयाची अट नाही, गरोदर बाई असो की तान्हं बाळ. नुसतं धड कातडीवर चाटलं असेल तर लस लागत नाही. ओरखडा आहे पण रक्त नाही, तर फक्त लस. रक्त आलंय किंवा आधीच्या जखमेवर, तोंडात, डोळ्यात लाळ गेलीय, तर लस अधिक सिरम (रेबीजशी लगेच लढणाऱ्या तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन). मांजर, माकड चावलं तरी हेच.

पुण्यात ससून हॉस्पिटलला किंवा महापालिकेच्या कमला नेहरू हॉस्पिटलला, मंगळवार पेठेत, जाता येतं. रविवारी नाहीतर रात्री ओपीडी बंद असली तर कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जायचं, सोमवारची वाट बघत बसू नका. सोबत आधार कार्ड, मोबाईल नंबर, आधी कधी रेबीजची लस घेतली असेल तर तो कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी. आधार सापडत नाही म्हणून घरीच थांबू मात्र नका. केसपेपर काढताना कुठलं जनावर, कधी, कुठे चावलं हे विचारतात, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही.

आम्हाला एका दवाखान्यात लस टोचून "झालं, जा" म्हणाले, सिरमचं नाव नाही, पोटरीतून रक्त येत होतं तरी! म्हणून स्वतः विचारा, "सिरम लागेल का, तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठे पाठवताय?" सिरम पेशंटच्या वजनावर मोजून जखमेतच टोचतात, दुखतं, पोरगं किंचाळतं, पण ते पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे, फारतर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत.

पोटात १४ इंजेक्शनांची गोष्ट आता विसरा. सरकारीत बहुतेक दोन्ही दंडांत कातडीत थोडी थोडी देतात, दिवस ०, ३, ७ आणि २८. पहिला डोस सोमवारी असेल तर पुढचा गुरुवारी, मग पुढचा सोमवार, आणि शेवटचा चौथ्या आठवड्यानंतरचा सोमवार. खाजगीत स्नायूत देतात, त्यात १४ वा दिवसही येतो, म्हणजे एकूण ५. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस, सिरम नाही.

कुत्रं पाळीव असेल तर १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण लस आजच सुरू करा. आणि केसपेपरचा फोटो लगेच मोबाईलमध्ये काढून ठेवा, आमचा तिसऱ्या डोसला पावसात भिजून लगदा झाला आणि तारखा परत लिहून घ्यायला अर्धा दिवस गेला.