आयनमापन, विद्युतीय

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन (विद्युतभारित कण) कोणते आणि किती, हे विद्युत प्रवाह किंवा विद्युत दाब (व्होल्टेज) मोजून ठरवण्याची पद्धत. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागांतील क्षारपड जमिनींमुळे तिचा शेतीशी रोजचा संबंध आहे. माती परीक्षण अहवालातील ‘सामू’ (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आणि ‘ईसी’ हे दोन्ही आकडे याच पद्धतीचे.

ईसी म्हणजे विद्युत वाहकता. द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युत दाब देतात. एकदिश दाब दिला तर इलेक्ट्रोडपाशी आयन साचून आकडा चुकतो. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून मापन २५ अंश सेल्सिअसला आणून सांगतात. पण ईसी एकूण क्षारांचा अंदाज देते, त्यात सोडियम किती आणि कॅल्शियम किती ते सांगत नाही. शेतकऱ्याचे नुकसान नेमके इथे होते. खारवट (विद्राव्य क्षार जास्त असलेल्या) जमिनीला आधी निचरा हवा, चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीला निचऱ्यासोबत जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिजही. नुसती ईसी बघून जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

विशिष्ट आयन ओळखायचा तर त्यालाच प्रतिसाद देणारा पडदा असलेला इलेक्ट्रोड लागतो. वाल्थर नेर्न्स्ट यांच्या १८८९ मधील समीकरणानुसार एकभारी आयनाची क्रियाशीलता (परिणामकारक संहती) दहापट झाली की २५ अंशांना दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो, द्विभारी आयनासाठी त्याच्या निम्म्याने. सामूमापकाचा काचेचा इलेक्ट्रोड हायड्रोजन आयनासाठी असतो, फ्लोराइडसाठी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक वापरतात. निवड पूर्ण चोख नसते: नायट्रेटच्या इलेक्ट्रोडला क्लोराइड फसवते, आणि क्षारपड मातीत क्लोराइड भरपूर असू शकते.

मातीची तपासणी करताना २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळतात. आधी ज्ञात सामूच्या द्रावणांनी यंत्र जुळवून घेतात. दोन नमुन्यांच्या मध्ये इलेक्ट्रोड धुऊन टिपकागदाने हलकेच टिपतात; काच घासली तर आकडा बराच वेळ स्थिरावत नाही. ईसी वरच्या निवळीत घेतात. खारवट जमिनीची ४ डेसिसायमन प्रतिमीटर ही ईसीची मर्यादा मात्र संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्काची आहे. अडीचपट पाण्यातील निवळीचा आकडा त्याच मातीसाठी बराच कमी येतो, त्यामुळे तो ४ शी थेट ताडून ‘जमीन ठीक आहे’ असे म्हणणे चूक ठरते.