धूर जाळणारी चूल: ट्रेकला लाकडाचा स्टोव्ह नेताना

एक छोटा प्रयोग घरी करून बघा. मेणबत्ती पेटवा, दोन मिनिटांनी फुंकर मारून विझवा आणि जी धुराची रेघ वर जाते त्या रेघेला पेटती काडी लावा. ज्योत धुरातून सरसर खाली उतरते आणि मेणबत्ती परत पेटते, काडी वातीला लागलेलीसुद्धा नसते. म्हणजे धूर हे इंधनच आहे, फक्त जळायचं राहून गेलेलं. लाकडाचंही तसंच आहे, आणि ट्रेकला न्यायचा स्टोव्ह कुठला घ्यायचा, पेटवायचा कसा, कुठे पेटवायचा नाही, हे सगळं मला तरी या एका गोष्टीवरून समजत गेलं.

लाकूड पेटतं तेव्हा आधी त्यातलं पाणी जातं, १०० अंशांच्या आसपास. मग २०० ते ३०० अंशांना लाकूड स्वतःच फुटायला लागतं आणि त्यातून वायू बाहेर पडतात, सुक्या लाकडाच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग असा वायू होऊन निघून जातो. आपल्याला दिसते ती पिवळी ज्वाळा या वायूची. उरतो तो कोळसा, तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. आता तीन दगडांच्या चुलीत काय होतं, तर चहूबाजूंनी गार वारा आत शिरतो, वायू पेट घ्यायच्या आतच थंड होतात आणि धूर होऊन आपल्या डोळ्यात जातात. अशा चुलीतल्या उष्णतेपैकी १०-१५ टक्केच भांड्यापर्यंत पोचते, बाकीची हवेत आणि दगडांत जाते.

छोट्या कॅम्प स्टोव्हमधले चांगले स्टोव्ह हा धूर परत जाळतात. त्यांना दोन भिंती असतात, एकात एक ठेवलेल्या दोन डब्यांसारख्या. खालच्या भोकांतून हवा आत येते, थोडी जळणाला खालून मिळते आणि बाकीची दोन भिंतींच्या मधून वर चढताना तापत जाते, मग आतल्या डब्याच्या काठाजवळच्या भोकांतून बाहेर पडते. लाकडातून निघालेल्या वायूला तिथे गरम हवा मिळते आणि तो पेटतो. नीट जमलं की वरच्या भोकांमधून गॅसच्या शेगडीसारख्या छोट्या छोट्या ज्वाळा आत वळलेल्या दिसतात आणि धूर जवळजवळ दिसेनासा होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चहा विसरून तेच बघत बसलो होतो!

ही कल्पना कॅम्पिंगवाल्यांची नाहीये. वरून पेटवायची आणि लाकडाचा वायू जाळायची चूल १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टॉम रीड आणि नॉर्वेच्या पॉल वेंडेलबो यांनी वेगवेगळी विकसित केली, आणि रॉकेट स्टोव्ह, म्हणजे एल आकाराच्या नळीत उभी ज्वाळा खेचणारी चूल, त्याच दशकात लॅरी विनियार्स्की यांनी ओरेगॉनमधल्या अप्रोवेचो संस्थेत. दोन्हींचा रोख घरात चुलीसमोर बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर कमी करण्याकडे होता. आपल्याकडेही १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुण्याच्या आरती (एआरटीआय) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तयार झालेला छोट्या पंख्याचा ‘ऊर्जा’ स्टोव्ह शेतातला कचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर चालायचा, तो महाराष्ट्रातही विकला गेला. आज दुकानात ट्रेकिंगचं सामान म्हणून जे दिसतं त्याची मुळं अशी स्वयंपाकघरात आहेत, म्हणून मला त्याबद्दल जास्त आपुलकी वाटते.

आता घ्यायचा कुठला? एकटे किंवा दोघं असाल तर दोन भिंतींचा छोटा स्टोव्ह पुरतो, पाव किलोच्या आसपास वजन, पातेल्याच्या पोटात बसतो. घडीचे सपाट पत्रे जोडून होणारे स्टोव्ह हलके आणि स्वस्त असतात, पण त्यांना एकच भिंत असते त्यामुळे धूर जास्त आणि वाऱ्यात जाळ हलतो. पंख्यावाले स्टोव्ह सगळ्यात स्वच्छ जळतात, काही तर ज्वाळेच्या उष्णतेवर थोडी वीज बनवून मोबाईलसुद्धा चार्ज करतात, पण वजन किलोच्या घरात जातं आणि बॅटरी बिघडली की पंखाही गेला. चार-पाच जणांची खिचडी करायची असेल तर मात्र छोट्या स्टोव्हच्या नादी लागू नका, दर पाच मिनिटांनी काटक्या घालत बसावं लागेल आणि वर मोठं पातेलं डुगडुगेल. उकळतं पाणी अंगावर सांडणं हा माझ्या मते या स्टोव्हचा सगळ्यात मोठा धोका आहे, आगीपेक्षाही, म्हणून घेताना आधी भांडं वर ठेवून हलवून बघा.

स्टेनलेस स्टील घ्या. घरी डबा कापून बनवणार असाल तर रंगाचा डबा नको आणि जीआय पत्रा तर मुळीच नको, त्यावरचा जस्ताचा मुलामा तापला की त्याची वाफ छातीत जाऊन ताप भरतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि निखाऱ्यांचं तापमान त्याच्या वर सहज जातं.

जळणाचा साधा हिशोब सांगतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात १५-१६ हजार किलोज्यूल असतात, स्टोव्हने त्यातले २० टक्के जरी भांड्याला दिले तरी १०० ग्रॅम काटक्यांत एक लिटर उकळतं. १०० ग्रॅम म्हणजे ओंजळभर! त्यामुळे फांद्या तोडायचं काही कारणच नाही, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, खाली पडलेल्या काटक्या पुरतात.

पण सुक्या हव्यात, आणि इथे बऱ्याच जणांचा एक समज असतो की ओलं लाकूड पाणी वाळवण्यात सगळी उष्णता घालवतं. हिशोब केला तर अर्धं पाणी असलेल्या लाकडातसुद्धा त्या पाण्यात साधारण सातवा भागच जातो. खरी अडचण तापमानाची आहे. पाणी आहे तोवर लाकडाचा तो भाग १०० अंशांच्या फार वर जातच नाही, वाफ ज्वाळेला गार करते, वायू पेटत नाहीत, आणि सगळा धूर होतो. काटकी मोडून बघायची, कट् आवाज करून तुटली तर घ्यायची, वाकली तर सोडून द्यायची. बाभूळ, खैर असेल तर निखारा टिकतो, कारवीच्या वाळलेल्या काठ्या भुर्रकन जळतात, पेटवायला छान. कण्हेर, शेर-निवडुंग आणि बिब्बा यांना हात लावू नका, त्यांचा चीक आणि धूर दोन्ही त्रासदायक. बांबू चिरूनच घालायचा, बंद पेरातली हवा तापली की तो फुटतो आणि निखारे उडतात.

पेटवायचं वरून. जाड काटक्या खाली, बारीक वर, सगळ्यात वर सुकं गवत किंवा ढलपी, आणि काडी वरच लावायची. चुलीची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं, पण वायू खालून वर येताना ज्वाळेतूनच जातो म्हणून जळतो. वरच्या भोकांच्या वर जळण भरू नका, नाहीतर त्या भोकांतून येणारी गरम हवा बंद होते आणि इतका महागाचा स्टोव्ह साध्या डब्यासारखा धुरायला लागतो. भांडं आणि काठ यात दोन बोटं जागा ठेवा, गार भांडं ज्वाळेवर दाबलं की ज्वाळा अर्धवट विझते आणि काजळी वाढते. भांड्याला बाहेरून राख-मातीचा लेप द्यायची आपल्या आज्यांची पद्धत इथेही चालते, लेपाबरोबर काजळीही धुऊन जाते.

आता जे सांगतोय ते मनावर घ्या. तंबूत, तंबूच्या पडवीत, गुहेत, बंद खोलीत हा स्टोव्ह पेटवायचा नाही आणि निखारे शेकायला आत न्यायचे नाहीत. धूर संपून नुसते निखारे उरले की लोकांना वाटतं आता धोका गेला, पण तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो आणि त्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि थंडीतली झोप कुणाला संशयास्पद वाटत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या लोकांच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या.

जंगलाचंही तेवढंच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायलाच बंदी आहे. राखीव जंगलासाठीही १९२७ चा वन कायदा आहे. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीतलं गवत कंबरेएवढं आणि ठणठणीत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. म्हणून मी पायथ्याच्या गावातच चूल मांडतो, घरमालकांना विचारून, अंगणात उघड्या मातीवर, हाताशी पाण्याची बाटली ठेवून. वाऱ्याने पानं उडत असतील त्या दिवशी पेटवतच नाही, घरातल्या मावशींना चार कप चहा सांगतो. किल्ल्यावरच्या लेण्यात, देवळात, तटाच्या आडोशाला तर नाहीच, ती काजळी शेकडो वर्षांच्या दगडात मुरते.

विझवताना घाई नको. लाकूड पूर्ण जळून पांढरी राख होऊ द्या, मग थोडं थोडं पाणी घालून काडीने ढवळा, चर्र आवाज थांबेपर्यंत. नुसती माती टाकली तर खालचे निखारे तासन् तास जिवंत राहतात. शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या आणि धग लागत नसेल तरच बोटाने राख चाचपा. तीही गार लागली की स्टोव्ह उलटा करून झटका, फडक्यात गुंडाळा आणि पिशवीत टाका.